स्त्रियांच्या बंद वॉर्डातील मारहाण : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची होती. मनोरुग्णालयातील स्त्रियांकडून होणारी हिंसा हा विषय आपल्याकडे उघडपणे फारसा बोलला जात नाही, म्हणून ती चारही पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : माझी भाची गोव्यात नर्सिंगचे शिक्षण घेऊन इंग्लंडला गेली आणि सध्या तिथल्या एका ‘सिक्युअर’ मनोरुग्णालयात स्त्रियांच्या वॉर्डात काम करते. अलीकडे एका रुग्ण स्त्रीने केस धरून तिला भिंतीवर आपटले. ती म्हणते की पुरुषांच्या वॉर्डापेक्षा आमच्याकडे असे प्रकार जास्त होतात. आम्हां घरच्यांना ते पटत नाही. बायका एवढ्या हिंसक असतात का? तिने ही नोकरी सोडून परत यावे असे तिची आई म्हणते. आपले मत काय?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपली भाची सांगते त्यात अतिशयोक्ती नाही, आणि माझी पहिली विनंती हीच की घरच्यांनी तिच्यावर विश्वास ठेवावा. मार खाऊन आलेल्या परिचारिकेला तिच्याच माणसांनी ‘एक बाई एवढे कसे मारील?’ असे विचारले, तर पुढच्या वेळी ती काहीच सांगत नाही.

‘सिक्युअर’, म्हणजे कडेकोट बंदोबस्ताच्या ‘सुरक्षित’ मनोरुग्णालयात दोन प्रकारच्या व्यक्ती असतात. मानसिक आजाराच्या काळात ज्यांच्या हातून गंभीर गुन्हा घडला त्या, आणि साध्या मनोरुग्णालयात ज्यांना सांभाळणे अशक्य झाले त्या. इंग्लंडमध्ये अशा रुग्णालयांच्या उच्च, मध्यम आणि कमी सुरक्षेच्या अशा तीन पायऱ्या आहेत. उच्च सुरक्षेची रुग्णालये तीनच आहेत : ब्रॉडमूर, रॅम्प्टन आणि ॲशवर्थ. 1863 मध्ये ब्रॉडमूर सुरू झाले तेव्हा तिथे सर्वप्रथम स्त्रियाच दाखल झाल्या होत्या. आज मात्र उच्च सुरक्षेखालील स्त्रियांची सोय सबंध इंग्लंडमध्ये एकट्या रॅम्प्टनला आहे. मधल्या काळात बरेच काही घडले. ॲशवर्थमधील रुग्णांच्या छळाच्या तक्रारींची चौकशी सर लुई ब्लॉम-कूपर यांच्या समितीने केली आणि 1992 मध्ये तिचा अहवाल आला. पुढच्या दशकात हे मान्य झाले की उच्च सुरक्षेत अडकलेल्या अनेक स्त्रियांना तेवढ्या कडेकोटाची गरजच नव्हती. त्यांच्यासाठी दुसरी योग्य जागा नव्हती एवढेच त्यांच्या तिथे असण्याचे कारण होते. त्यानंतर 2007 मध्ये स्त्रियांसाठी मध्यम सुरक्षेची, पण अधिक मनुष्यबळ आणि उपचार असलेली खास केंद्रे सुरू झाली. आपली भाची यांपैकी कुठल्या पायरीवर काम करते हे पत्रावरून कळत नाही, पण तिचा अनुभव तिन्ही पायऱ्यांवर येऊ शकतो.

आता प्रमाणाविषयी. श्रीमंत देशांतील तातडीच्या मनोरुग्ण-वॉर्डांविषयीचे 35 अभ्यास एकत्र करून 2015 मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार दाखल रुग्णांपैकी सुमारे 17 टक्के रुग्णांच्या हातून निदान एकदा हिंसक कृती घडते, आणि वॉर्डात पुरुष जितके जास्त तितके हे प्रमाण वाढते. म्हणजे पाचांपैकी चार रुग्ण कोणावरही हात उगारत नाहीत, हे आधी लक्षात ठेवायला हवे. सुरक्षित रुग्णालयांत मात्र चित्र पालटते. तिथे माणशी मोजल्यास स्त्रियांच्या वॉर्डात घटना अधिक नोंदल्या जातात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. या घटनांपैकी बहुतेक अगदी थोड्या स्त्रियांच्या हातून पुन्हा पुन्हा घडतात, मार बहुधा कर्मचाऱ्यांना बसतो, आणि जिवावर बेतेल अशी दुखापत तुलनेने क्वचित होते.

घरच्यांना जे पटत नाही ते तज्ज्ञांनाही पटलेले नव्हते. 1993 मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील एका मोठ्या अभ्यासात, मनोविकार विभागात तपासून घरी सोडलेल्या रुग्णांपैकी पुढे कोण हिंसा करील याचे अंदाज डॉक्टर आणि परिचारिकांकडून घेतले गेले आणि नंतर प्रत्यक्षात काय घडले हे पाहिले गेले. पुरुषांविषयीचे अंदाज बऱ्यापैकी जमले. स्त्रियांविषयीचे अंदाज मात्र नाणे उडवून ठरवावे तितकेच खरे निघाले : सुमारे 22 टक्के स्त्रिया हिंसा करतील असे तज्ज्ञांना वाटले होते, आणि प्रत्यक्षात ते प्रमाण 49 टक्के होते, म्हणजे त्याच अभ्यासातील पुरुषांच्या 42 टक्क्यांपेक्षाही थोडे अधिकच. बाई म्हणजे सोशिक, ती फार तर स्वतःला त्रास करून घेईल, ही समजूत एवढी घट्ट असते की समोर दिसणारी चिन्हेही नजरेतून निसटतात. या समजुतीचे दुसरे टोक तितकेच घातक आहे. स्त्रीने एकदा मारले, की ती पुरुषापेक्षाही भयंकर, ‘चेटकीण’ किंवा ‘कैदाशीण’ ठरते, आणि मग तिच्या वागण्याचे कारण शोधण्याची कोणाला गरज वाटत नाही.

कारणे शोधली तर ती सापडतात. सुरक्षित रुग्णालयांत पोहोचलेल्या स्त्रियांपैकी फार मोठ्या संख्येने बालपणी शारीरिक वा लैंगिक अत्याचार सोसलेले असतात, आणि बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे भावनांवरचा आणि नात्यांवरचा ताबा वारंवार सुटणारा विकार, त्यांच्यात पुरुष रुग्णांपेक्षा बराच जास्त आढळतो. अनेकींची मुले त्यांच्यापासून दुरावलेली असतात. अत्याचार आणि मानसिक आजार यांचा संबंध आपल्याला परका नाही. गोव्यातीलच सुमारे अडीच हजार स्त्रियांचा एक अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात नवऱ्याकडून होणारी लैंगिक जबरदस्ती आणि घरात स्वतःच्या मर्जीने काहीच करता न येणे यांचा नैराश्य व चिंतेच्या विकारांशी स्पष्ट संबंध दिसला. त्या स्त्रिया हिंसक नव्हत्या, हे मुद्दाम सांगते. पण ज्या दुःखाचे पर्यवसान बहुतेक जणींच्या बाबतीत नैराश्यात होते, तेच दुःख अतिशय लहान वयात आणि अतिशय क्रूरपणे वाट्याला आले, तर काही थोड्या जणींच्या बाबतीत ते स्वतःच्या आणि इतरांच्या अंगावर उलटते.

‘स्वतःच्या’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. स्त्रियांच्या सुरक्षित वॉर्डात स्वतःला इजा करून घेण्याचे प्रकार फार असतात. समजा, एखादी रुग्ण गळ्याभोवती कपडा आवळू लागली. तिला वाचवायला दोन-तीन कर्मचारी धावतात, तिचे हात धरतात, प्रसंगी तिला जमिनीवर दाबून ठेवतात. लहानपणी जिला असेच दाबून ठेवून अत्याचार झाला, तिला त्या क्षणी वाचवणारे हात आणि जुने हात यांत फरक कळत नाही. ती चावते, ओरबाडते, डोके आपटते. नोंदवहीत ‘कर्मचाऱ्यावर हल्ला’ असे लिहिले जाते आणि सुरुवात कुठून झाली ते मागे पडते. अशा हल्ल्यानंतर तिच्यावरची बंधने वाढतात : वस्तू काढून घेतल्या जातात, बाहेर फिरायला नेणे थांबते, कोणीतरी चोवीस तास नजर ठेवून बसते. त्या कोंडीतून पुढचा उद्रेक होतो. वॉर्डातील हिंसेच्या आधी काय घडले होते याचे अभ्यास झाले आहेत, आणि सर्वांत जास्त वेळा आढळलेली गोष्ट म्हणजे कर्मचारी आणि रुग्ण यांच्यातील एखादा प्रसंग, त्यातही काहीतरी नाकारणे किंवा मोकळीक कमी करणे, ही आहे. याचा अर्थ दोष परिचारिकेचा असा नाही. तिला नियम पाळावेच लागतात. पण नकार कसा, कोणत्या वेळी आणि कोणाच्या तोंडून दिला जातो, याला औषधाइतकेच महत्त्व आहे.

नोकरी सोडावी का, हे इथे बसून मी सांगू शकत नाही आणि घरच्यांनीही तिच्यासाठी ठरवू नये. तिला काही गोष्टी विचारा. घटनेनंतर तिच्याशी कोणी वरिष्ठ सविस्तर बोलले का? पाळीला अनुभवी, कायमचे कर्मचारी पुरेसे असतात की रोज एजन्सीमार्फत नवी माणसे येतात? त्या रुग्णाच्या उपचाराच्या बैठकीत तिचे म्हणणे ऐकले जाते का? उत्तरे ‘हो’ असतील तर ती एका अवघड पण चांगल्या ठिकाणी शिकते आहे. ‘नाही’ असतील, तर तिने वॉर्ड बदलून मागावा. इंग्लंडमध्ये 2018 पासून आरोग्यसेवेतील कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यासाठी स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे पोलिसांकडे जाण्याचा तिला हक्क आहे; तो वापरायचा की नाही हे तिने सहकाऱ्यांशी आणि आपल्या संघटनेशी बोलून ठरवावे.

प्रश्न : माझी धाकटी बहीण काही आठवडे एका मनोरुग्णालयाच्या स्त्री-वॉर्डात दाखल होती. तिथे दुसऱ्या एका रुग्ण स्त्रीने स्टीलचे ताट तिच्या कपाळावर मारले आणि टाके घालावे लागले. आम्हांला ते दोन दिवसांनी कळले. विचारले तेव्हा ‘इथे असे होतेच’ एवढेच उत्तर मिळाले, आणि त्या बाईला खाटेला बांधून ठेवले आहे असे सांगण्यात आले, जणू त्याने आमचे समाधान व्हावे. आम्ही कोणाकडे दाद मागावी? आणि असे बांधून ठेवणे योग्य आहे का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य मला फार मोलाचे वाटले. स्वतःच्या बहिणीच्या कपाळावर टाके असताना मारणाऱ्या स्त्रीचा विचार करणे सोपे नसते.

आपल्या देशात मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 हा 29 मे 2018 पासून लागू आहे. त्याच्या कलम 20 प्रमाणे मनोरुग्णालयातील प्रत्येक व्यक्तीला सुरक्षित आणि स्वच्छ वातावरणात राहण्याचा, आणि शारीरिक, शाब्दिक, भावनिक व लैंगिक अत्याचारापासून संरक्षण मिळण्याचा हक्क आहे. ‘इथे असे होतेच’ हे उत्तर त्या कलमात बसत नाही. बांधून ठेवण्याविषयी कलम 97 अतिशय स्पष्ट आहे. रुग्णाला एकांतात कोंडण्यास पूर्ण मनाई आहे. शरीराने अडवून वा बांधून ठेवणे फक्त तेव्हाच चालते, जेव्हा तिला किंवा इतरांना होऊ घातलेली तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा कोणताही मार्ग उरलेला नसतो आणि त्या रुग्णावर उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाने परवानगी दिलेली असते. ते गरजेपेक्षा एक क्षणही जास्त चालू ठेवता येत नाही. पद्धत, कारण आणि कालावधी यांची नोंद ताबडतोब करावी लागते. रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे तिच्या वतीने बोलण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीला, 24 तासांच्या आत कळवावे लागते. आणि शिक्षा म्हणून, धाक म्हणून किंवा माणसे कमी आहेत म्हणून बांधता येत नाही. साखळीचा वापर तर कलम 95 ने सर्वस्वी निषिद्ध ठरवला आहे. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही आणि 28 जणांचा मृत्यू झाला. या तरतुदी वाचताना ती घटना विसरता येत नाही.

म्हणून ताट मारले त्या क्षणी त्या स्त्रीला धरून आवरणे योग्य असू शकते. पण आपल्याला दोन दिवसांनी कळले आणि तेव्हाही ती बांधलेलीच होती, तर ते सहसा समर्थनीय ठरत नाही.

दाद मागण्यासाठी कायद्याने मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची व्यवस्था केली आहे. जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाची व्यक्ती त्याची अध्यक्ष असते, आणि सदस्यांमध्ये डॉक्टरांबरोबरच मानसिक आजाराचा अनुभव घेतलेल्या व्यक्ती, काळजीवाहक किंवा स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी असतात. आपली बहीण स्वतः किंवा तिची नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून आपण तिथे अर्ज करू शकता. त्याला शुल्क नाही, आणि वकील हवा असल्यास मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्कही आहे. त्याआधी रुग्णालयाच्या प्रमुखांना लेखी पत्र द्यावे असे मी सुचवते. त्यात रागाऐवजी प्रश्न असावेत : घटना किती वाजता आणि कुठे घडली, त्या वेळी वॉर्डात किती रुग्ण आणि किती कर्मचारी होते, त्याआधीच्या दिवसात त्या दोघींमध्ये काही कुरबूर झाली होती का, घरच्यांना उशिरा का कळवले, आणि पुन्हा असे होऊ नये म्हणून काय बदलले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

एका रुग्णाने दुसऱ्या रुग्णाला मारले, की ‘वेडाच्या भरात’ असे म्हणून विषय संपवला जातो. कधी कधी ते खरेही असते. समोरची बाई आपल्या जेवणात विष घालते आहे असे आवाज सांगत असतील, तर हातातले ताट हत्यार होते. पण वॉर्डातल्या कितीतरी भांडणांची कारणे कुठल्याही गर्दीच्या वसतिगृहात सापडतील अशीच असतात : खिडकीजवळची खाट, न्हाणीघरासमोरची रांग, नाहीसा झालेला साबण, रात्रभर बडबडणारी शेजारीण, जेवण वाढताना झालेला विलंब. गोव्यात याला आणखी एक पदर आहे. वॉर्डात कोंकणी आणि मराठी चालते, पण रुग्णांमध्ये कन्नड, तेलुगू, बंगाली किंवा हिंदी बोलणाऱ्या, कामासाठी आलेल्या कुटुंबांतील स्त्रियाही असतात. जिचे बोलणे दिवसभर कोणाला कळत नाही, ती शेवटी हाताने बोलते. अशा वॉर्डात दुभाष्याची सोय करणे हा हिंसा टाळण्याचा उपाय आहे, हे आपल्या पत्रात अवश्य लिहा. त्या दुसऱ्या स्त्रीला भेटायला कोणी येत नसेल, तर तिच्यासाठी हा प्रश्न विचारणारी आपणच पहिली व्यक्ती असण्याची शक्यता आहे.

प्रश्न : आमच्या घरात समजूत आहे की पौर्णिमा-अमावास्येला आणि पाळीच्या दिवसांत वेडाचा जोर वाढतो. माझ्या काकींचा आजार जुना आहे. पाळी आली की त्या अंगावर धावून येतील म्हणून त्यांना खोलीत बंद ठेवतात. यात तथ्य आहे का?
— एक विद्यार्थिनी, डिचोली

उत्तर : चंद्राचा संबंध नाही. पाळीविषयी एवढेच खरे आहे की काही स्त्रियांची आजाराची लक्षणे पाळीच्या आधीच्या दिवसांत किंवा पाळीत वाढतात. म्हणून दोन-तीन महिने तारखा आणि वागण्यातील बदल लिहून ठेवून डॉक्टरांना दाखवा. औषधाची मात्रा किंवा वेळ बदलून उपयोग होऊ शकतो. कोंडून ठेवण्याने मात्र भीती आणि चीड वाढते, आणि दार उघडल्यावर त्या धावून आल्या तर घरच्यांना आपलेच खरे वाटते. पोट दुखत असेल, पॅड मिळत नसतील, बदलायला आडोसा नसेल, तर त्याविषयी त्या कशा बोलतात हे बघा. रुग्णालयाने स्त्रियांना पाळीचे साहित्य पुरवावे असे कायद्यातच लिहिले आहे. घरात त्याहून कमी असू नये. रुग्णाला घरात कोंडून ठेवण्यासारखी वाईट वागणूक दिली जात असल्याचे आढळल्यास पोलिसांनी दंडाधिकाऱ्यांना कळवावे, अशीही तरतूद आहे. वडीलधाऱ्यांशी हे बोलणे जड वाटत असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी-सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर आधी आपण स्वतः बोला.

प्रश्न : मी स्त्रियांच्या वॉर्डात अटेंडंट आहे. जिचे केस मी रोज विंचरायचे, जिला मी जेवण भरवले, तिने एका संध्याकाळी माझ्या हाताला कडकडून चावा घेतला. त्या दिवशी तिचा भाऊ भेटायला येणार होता आणि आला नाही. आता मी तिच्याजवळ जाऊ शकत नाही, माझे हातपाय थरथरतात. ती मात्र रोज विचारते, ‘बाय, तू माझ्यावर रागावलीस?’ मी काय सांगू? आणि मी तक्रार नोंदवलेली नाही. नोंदवली तर तिला त्रास होईल असे वाटते.
— एक भगिनी

उत्तर : आपली थरथर हा दुबळेपणा नाही. ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याच्याकडून झालेली इजा शरीर सहजी विसरत नाही. चाव्याची जखम डॉक्टरांना दाखवली नसेल तर आजच दाखवा. माणसाच्या चाव्यातून संसर्ग लवकर होतो आणि धनुर्वाताचे इंजेक्शन, हिपॅटायटिस-बीची तपासणी यांची गरज लागू शकते.

घटना नोंदवा. नोंद म्हणजे शिक्षा नव्हे. ज्या रुग्णालयात नोंद होताच शिक्षा होते, तिथे चूक नोंद वापरण्याच्या पद्धतीची आहे. नोंद नसली तर कोणालाच कळत नाही की या वॉर्डातील बहुतेक प्रकार संध्याकाळी, भेटीची वेळ संपल्यावर होतात, किंवा कामाची पाळी बदलताना, जेव्हा जाणाऱ्यांचे लक्ष घराकडे आणि येणाऱ्यांचे हजेरीपटाकडे असते. आपण लिहिलेले ‘भाऊ येणार होता आणि आला नाही’ हे वाक्य नोंदीत आलेच पाहिजे, कारण त्यातून पुढचा उपाय निघतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजचे प्राध्यापक लेन बाउअर्स यांनी ‘सेफवॉर्ड्‌स’ नावाची दहा साध्या उपायांची पद्धत तयार केली. त्यांतील एक उपाय नेमका हाच आहे : वाईट बातमी किंवा निराशा येणार असेल तर ती आधी ओळखायची आणि त्या वेळी रुग्णाजवळ कोणीतरी असायचे. दुसरा असा की वॉर्डात काही भीतिदायक घडले, तर नंतर प्रत्येक रुग्णाशी थोडा वेळ बोलायचे, कारण पाहणाऱ्याही घाबरलेल्या असतात. इंग्लंडमधील 15 रुग्णालयांच्या 31 वॉर्डांत या पद्धतीची चाचणी झाली आणि 2015 मध्ये निष्कर्ष आले. मारहाण, स्वतःला इजा, पळून जाणे असे प्रकार 15 टक्क्यांनी आणि धरून ठेवणे, सक्तीचे औषध अशा उपायांचा वापर सुमारे 26 टक्क्यांनी कमी झाला होता. तो अभ्यास सुरक्षित रुग्णालयांतील नव्हता आणि आपल्या वॉर्डाएवढी गर्दीही तिथे नव्हती. तरीही भाऊ येणार नाही हे सकाळी फोन करून विचारून घेणे आणि तिला शांतपणे सांगणे, यासाठी पैसे लागत नाहीत.

आपल्या वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरना सांगून काही दिवस तिच्या अंगाला हात लावावा लागेल अशी कामे दुसऱ्या कोणाकडे द्या. पूर्णपणे तिच्यापासून दूर मात्र जाऊ नका, कारण आपण नाहीसे झालात तर ‘मी चावले म्हणून हीसुद्धा गेली’ असा अर्थ ती काढील, आणि अशा स्त्रियांनी हा अर्थ आयुष्यभर अनेकांच्या बाबतीत काढलेला असतो. सुरुवातीला सोबत एक सहकारी घेऊन, दारापाशी उभे राहून दोन मिनिटे बोलणे पुरे आहे.

ती विचारते त्याला ‘नाही ग, मुळीच रागावले नाही’ असे उत्तर देऊ नका. ते खरे नाही आणि तिला ते कळते. तिला सांगा : ‘मला दुखले आणि मला भीती वाटली. अजून थोडी वाटते. भाऊ आला नाही म्हणून तुला फार वाईट वाटले होते, हे मला ठाऊक आहे. पुन्हा तसे वाटले तर मला हाक मार, पण चावायचे नाही.’ हे तिच्या भाषेत, हळू आवाजात आणि ती शांत असतानाच सांगा. ती रडेल, किंवा तोंड फिरवून बसेल, किंवा पुन्हा तोच प्रश्न विचारील. पुन्हा विचारलेच तर पुन्हा तेवढेच सांगा, आणि तिचे केस विंचरायची तयारी आपली झाली आहे असे आपल्याला स्वतःला वाटेल त्या दिवशीच फणी हातात घ्या. कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नका.